निळ्या ओळीवर कापलेला पत्रा

पत्रा कापणाऱ्या माणसाला लोक चहा देतात तो दाराबाहेर. यात अपमान काही नाही. आमच्या चपलांना, कपड्यांना, कधीकधी केसांनाही पत्र्याचा कीस चिकटलेला असतो आणि तो एकदा घरात सांडला की पुढे आठवडाभर कुणाच्या ना कुणाच्या टाचेतून निघत राहतो. माझं लग्न झालं तेव्हा बायकोने माझ्यासाठी दोन नियम केले. एक, कपडे उंबऱ्याबाहेर झटकायचे. दोन, घरात ओरडून बोलायचं नाही. छिन्नीच्या आवाजाने आम्हा लोकांचे कान निम्मे जातात आणि 'मीठ वाढ' हेसुद्धा आम्ही जाहीर सभेत सांगितल्यासारखं सांगतो. पहिला नियम मी आजवर पाळत आलो आहे.

आता सांगतोय ती गोष्ट लालबागच्या आमच्या खोलीत इतक्या वेळा सांगून झालीय की मी घसा खाकरला तरी धाकटी म्हणते, "आई, बाबांचा गिरगावचा पत्रा आला." पण गेल्या वर्षी त्या गोष्टीचा शेवटच बदलला. इतकी वर्षं मी घरच्यांना चुकीची गोष्ट सांगत होतो. ती दुरुस्त करायला दिवाळी अंक बरा. निदान छापलेल्या मजकुरात धाकटीला मध्येच बोलता येत नाही.

आधी थोडं धंद्याबद्दल. पन्हळी पत्रा सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण तो कापताना कुणी बघत नाही, कारण आवाजाने लोक खिडक्या लावून घेतात. या पत्र्याला लाटा असतात. वरच्या उंचवट्याला आम्ही माथा म्हणतो आणि खालच्या खळगीला पन्हळ. बोल्टाचं भोक नेहमी माथ्यावर पाडायचं, पन्हळीत कधीच नाही, कारण पाणी पन्हळीतून वाहतं. लाटेच्या बाजूने उभा पत्रा कापणं सोपं, ते कुणीही करील. आडवा कापायचा तर कात्री प्रत्येक माथ्यावर चढते, प्रत्येक पन्हळीत उतरते, आणि कापलेली कड मिटून तुमच्याच मनगटावर येते. म्हणून बहुतेक लोक छिन्नी घेतात आणि ठाण ठाण तोडून मोकळे होतात. काम लवकर होतं, पण कड उंदराने कुरतडल्यासारखी निघते.

आणि कात्रीपेक्षाही कठीण असते ती ओळ. सुतारासारखी दोरी ताणून टणकन सोडली तर रंग फक्त माथ्यांवर उमटतो. पन्हळीत दोरी पोचतच नाही. मधल्या जागा अंदाजाने जोडाव्या लागतात आणि तिथेच कापणं वाकडं जातं. ही दोरीची गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही, म्हणून तर हा लेख लिहायची वेळ आली.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. परळच्या एका गृहस्थाला शेडच्या पत्र्याला महिरपीसारखी कड हवी होती. दादरच्या एका बाईंनी बजावलं होतं, की त्यांचा पोपट घाबरतो, तेव्हा ठोकण्याआधी त्याला सांगत जा. मी सांगत असे. शिवडीच्या गोदामातला एक मुकादम तर पत्र्याला जीभ लावून जस्ताचा थर चांगला की वाईट ते सांगायचा, आणि बरोबर सांगायचा. पण मनात घर करून राहिलेलं गिऱ्हाईक एकच, गिरगावचे पास्कूमास्तर.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. मूळ मुंबईचं ख्रिस्ती कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाडीत. खाली दुकान, वर घर. बारीक, ताठ माणूस. गळ्यात कापडी टेप दिवसभर लोंबायची, आणि समोरच्याचं माप डोळ्यांनी घेतल्याशिवाय ते बोलायला सुरुवात करत नसत. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, "उजवा खांदा अर्धा इंच खाली हय तुझा. हातोडा त्या हातात घेतो ना?"

मास्तरांची बायको पूर्वीच गेलेली. मुलगी रोजा आणि तिच्याहून धाकटा लोरू अशी दोघं मुलं. रोजाचं लग्न एका जहाजावरच्या मुलाशी ठरलं होतं. त्याला मुंबईत घर नव्हतं. तेव्हा मास्तरांनी गच्चीवर भिंती उचलून एक खोली बांधली आणि तिच्यावर पत्रे घालायला मला बोलावलं. घाई अशी, की पुढे उपासाचे दिवस लागणार, त्यात त्यांच्याकडे लग्नं लागत नाहीत. आणि ईस्टरपर्यंत थांबावं तर जहाज सुटणार.

माझ्या जोडीला भिकाजी होता. वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मी त्याला भिकादादा म्हणायचो आणि तो मला बाबल. धंदा मी त्याच्याकडूनच शिकलो. नम्रपणा मात्र नाही शिकलो, कारण तो त्याच्यापाशीही नव्हता. "मुंबैत दोनच मान्सं सरळ पत्रा कापतात," तो म्हणायचा, "एक मी, आन दुसरा अजून जन्मायचाय."

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही यावर गिरणगाव पेटलं होतं. मी सभांना जात होतो, घोषणा देऊन घसा बसवून घेत होतो. पास्कूमास्तरांना हे काही पसंत नव्हतं. कात्रीवरची नजर न उचलता ते म्हणायचे, "मुंबय कोनाची का असंना, बटन तुटलं का मानूस माझ्याकडंच येनार." यात थट्टा होती तितकीच भीतीही होती. लोरू विशीचा, छापखान्यात कामाला, आणि रक्त तापलेलं. मास्तरांनी त्याला आमच्यादेखत बजावलं होतं, "ज्या दिशी तू रस्त्यावर उतरशील, त्या दिशी या घरात तुना जागा नाय. रोजाच्या लग्नात बी नाय."

लग्नात रोजाच्या बाजूने साक्षीला लोरूच उभा राहणार होता. त्याच्यासाठी मास्तर एक गडद कोट शिवत होते. कोट लाकडी पुतळ्यावर चढवलेला असायचा, पण बाह्या लावलेल्या नव्हत्या. पोराकडे बघून मास्तर म्हणायचे, "बाह्या शेवटी. आधी बघू कसा वागतो."

आम्ही पोचलो त्याच दिवशी दुपारी शहर बिघडलं. दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या, लांबून आरडाओरड ऐकू आली, मग गोळीबार, आणि मग कर्फ्यू. परत जाण्याची सोय उरली नाही. मास्तर म्हणाले, "ऱ्हावा इथंच. काम बी व्हईल, जीव बी ऱ्हाईल." आम्ही पत्रे नसलेल्या त्या खोलीत पथारी टाकली. रोजा आम्हाला त्यांच्याच ताटांतून, त्यांच्याच टेबलावर जेवायला वाढी. भिकादादाने पहिल्या दिवशी पाण्याचा काचेचा ग्लास हातात धरून जरा फिरवून बघितला आणि म्हणाला, "हे बरं हाय." एवढंच बोलला. एवढ्यात काय काय होतं ते मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागलो. भिकादादाने पत्र्यावर छिन्नी ठेवून पहिला घाव घातला आणि गल्लीच्या तोंडाशी शिट्टी वाजली. दोन मिनिटांत एक पोलीस अधिकारी दोन शिपायांना घेऊन जिन्यावर. त्यांना वाटलं होतं, वरून कुणी काहीतरी उडवतंय. आम्ही हात वर केले. माझ्या वर केलेल्या हातात कात्री होती, त्यामुळे परिस्थिती सुधारली नाही. मास्तर खालून शांतपणे आले, अधिकाऱ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, दुसरं बटन सुटायला आलंय. काडू नका शर्ट, तसंच लावतो."

अधिकारी बटण लावून घेऊन गेला. जाताना दम देऊन गेला, की कर्फ्यू आहे तोवर ठोकाठोकी बंद. बोल्ट आवळा, भोकं हाताच्या बरम्याने पाडा, पण छिन्नी वाजली तर दोघेही गाडीत.

मास्तर मागे वळून आम्हाला म्हणाले, "सांगितलं होतं ना? बटन तुटलं का माझ्याकडंच."

तेव्हा सगळे पत्रे कात्रीनेच कापायचे ठरले. एकाने पत्र्यावर पाय देऊन उभं राहायचं, दुसऱ्याने कात्रीला तेल लावून अर्धं या बाजूने आणि अर्धं त्या बाजूने कापत यायचं, मग कानस मारायची. हाताला गोणपाट गुंडाळलं तरी संध्याकाळी बोटं मिटत नसत. पण कड अशी निघे, की बाळाच्या पाळण्यावर बसवावी.

छप्पर एकपाखी, म्हणजे एकाच बाजूला उतरतं, पत्र्यांच्या दोन ओळी. वरच्या ओळीचा पत्रा खालच्या ओळीच्या पत्र्यावर वीतभर चढायचा. हा आमचा सांधा. पत्रे गरजेपेक्षा लांब असल्याने प्रत्येक पत्रा हातभर कापायचा होता. आणि सगळे सांधे एका सरळ रेषेत यायला हवे होते. ती रेषा मोडली म्हणून गळत काही नाही. पण धंद्यातली माणसं रस्त्याने जाताना मान वर करून बघतात आणि हसतात. भिकादादा त्या रेघेसाठी गिऱ्हाइकाशीही भांडायचा. आणि मी त्याचाच चेला.

बाकी सगळे पत्रे कापून झाले, एक वरच्या ओळीचा आणि एक खालच्या ओळीचा, असे दोन उरले. त्यातला खालचा उचलला आणि त्यात मला आकाश दिसलं.

बोराएवढं भोक. आत वळलेली कड, भोवती जस्त उडालेलं. असं भोक बरम्याने पडत नाही.

लोरू तिथेच उभा होता. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. मग हळूच सांगितलं. पत्रे वाडीच्या तोंडाशी रचून ठेवले होते, तेव्हा गडबडीच्या दिवशी तो आणि त्याचे मित्र एक पत्रा घेऊन नाक्यावर गेले होते. हातगाडी आडवी केलेली, तिला टेकवून पत्रा उभा धरला होता. गोळी त्यातून गेली. दुसऱ्या दिवशी कर्फ्यू सैल झाला तेव्हा त्याने पत्रा परत आणून ढिगाच्या तळाशी सरकवला. पत्र्यामागे त्या वेळी कोण होतं, हे मी त्याला विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

"पप्पाला एक दिवस पत्रा कमी दिसला," तो म्हणाला. "मी बोललो, शेजारी दिला होता. त्यांनी कायच बोललं नाय. फक्त बोलले, छप्पर झालं का मी तारे बघनार."

तारे बघणं म्हणजे काय ते सांगतो. नवं छप्पर तपासायची ती जुनी रीत. भर दुपारी खोलीची दारं-खिडक्या लावून घ्यायची, जमिनीवर उताणं पडायचं आणि वर बघायचं. जिथे भोक किंवा फट असेल तिथे उजेडाचा ठिपका चमकतो. तोच तारा. एक जरी तारा दिसला तरी गिऱ्हाईक पैसे अडवून धरतं. इथे अडणार होता तो लोरू.

नवा पत्रा आणावा तर शिवडीची गोदामं बंद, बाजार बंद. आम्ही मापं घेऊन बघितली. पत्रा नेहमीसारखा हातभर कापला तर भोक सांध्याच्या झाकणीतून चार बोटं बाहेर राहत होतं. चार बोटं! उलटा लावला तर भोक खाली वळचणीशी, अंगणातून दिसणारं. मी म्हटलं, डांबर भरू. भिकादादा म्हणाला, डांबराचा काळा डाग म्हाताऱ्याला दिसनार न्हाई का? जो मानूस खांद्याचा अर्धा इंच बघतो?

"मग काय करू?"

"सांगू सरळ. गोळी खाल्लीय पत्र्यानं, चोरी न्हाई केली."

"तुझं काय जातंय? पोरगा घराबाहेर जाईल!"

"तू सभेत म्होरं बसून टाळ्या पिटतोस, बाबल, आन हितं एका भोकाला भितोस?"

"मेल्या, टाळ्या माझ्या हातांनी वाजवतो, दुसऱ्याच्या घरावर नाही!"

आवाज चढत गेले. आमचे आवाज मुळातच सभेचे. मग एकदम जाणवलं, की खाली मशीन थांबलंय. आम्ही गप्प झालो आणि गप्पच झोपलो, एकमेकांकडे पाठ करून. जोडीत काम करायला लागल्यापासून पहिल्यांदाच.

सकाळी जाग आली तेव्हा भिकादादा नळावर गेला होता. दोन्ही पत्रे भिंतीला टेकवून उभे होते आणि दोन्हींवर ओळी मारलेल्या होत्या. बारीक, निळ्या, अगदी सरळ.

मी वाकून पाहिलं आणि तसाच राहिलो. भोकाच्या पत्र्यावर ओळ हातभरावर नव्हती, हाताच्याही पुढे वीतभर होती. म्हणजे हा पत्रा जास्त कापायचा. आणि दुसऱ्या पत्र्यावर ओळ वीतभरच अलीकडे. म्हणजे तो कमी कापायचा. वरचा पत्रा तेवढा लांब राहून खाली येणार आणि भोक त्याच्या पोटाखाली जाणार. खालून लाकडाची एक जादा रीप मारली की आतूनही काही दिसणार नाही. इतकं सोपं! फक्त त्या एका जागी सांधा वीतभर खाली येणार होता. रेघ मोडणार होती.

भिकादादाने रेघ मोडली! त्या पोरासाठी! आणि ओळसुद्धा कशी, प्रत्येक माथ्यावरून चढून प्रत्येक पन्हळीत उतरलेली, कुठे तुटली नाही. नेहमी गेरू वापरणाऱ्या या माणसाने आज रोजाकडून कपड्यांची नीळ मागून घेतलेली दिसतेय, असं मला वाटलं. तेवढ्यात तो आला. त्याने पत्र्यांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे. त्याची नजर अशी मऊ झालेली मी कधी पाहिली नव्हती. आदल्या संध्याकाळच्या भांडणाची त्याला लाज वाटत असणार, आपण बोललो तर आणखी वाटेल, म्हणून मी गप्प राहिलो. कात्रीला तेल लावलं. त्याने पत्र्यावर पाय ठेवला. आम्ही कापायला लागलो.

रोजा चहा घेऊन आली. चहा घ्यायला खाली वाकलो तेव्हा जिन्यातून दुकान दिसलं. मास्तर कोटाला बाही लावत होते.

पत्रे चढले. दुपारी मास्तर वर आले. खिडक्या लावायला सांगितल्या. खोलीत काळोख झाला, तापलेल्या पत्र्याचा वास सुटला. मास्तर चटईवर उताणे पडले, गळ्यातली टेप नीट छातीवर ठेवून. आम्ही चौघं भिंतीला चिकटून उभे. माझ्याशेजारी लोरूचा श्वास ऐकू येत होता.

मास्तर बघत राहिले. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. कापड तपासतात तसं. रोजाने ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना नमस्कार घातला, त्यांच्या येशूलासुद्धा, कारण जागा त्याची होती.

"एक बी तारा नाय," मास्तर शेवटी म्हणाले. "लोरू, उठव मना."

लोरू पुढे झाला. मास्तरांनी हात दिला. उठल्यावर त्यांनी तो हात लगेच सोडला नाही. आम्हाला वाटलं, म्हातारपण.

लग्न झालं, लोरू साक्षीला उभा राहिला, कोट झकास बसला होता, जहाज सुटलं. काही वर्षांनी मुंबईसह महाराष्ट्र झाला. भिकादादाने मध्यंतरी नागपूरला जाऊन धम्म घेतला. परत आल्यावर त्याने मला सांगितलं, "आता देवांच्या नावानं माझ्याम्होरं शपता घेऊ नको, दुसरं कायतरी शोध." जोडी मात्र टिकली. त्या छपरावरून धंद्यातल्या लोकांनी आम्हाला पुष्कळ पिडलं. "काय रे, गिरगावात तुमचा सांधा जिना उतरलाय?" मी म्हणायचो, नक्षी आहे ती. भिकादादा म्हणायचा, गिऱ्हाइकानं मागितली. पण त्याने ती रेघ मोडली म्हणून त्याला मी कधी टोकलं नाही, आणि मला त्याने टोकलं नाही. घरी मात्र मी ही गोष्ट सांगताना दरवेळी डोळे पुसायचो. माणूस आपली अक्कड कशी सोडतो बघा, म्हणायचो.

गेल्या वर्षी लोरूचा निरोप आला. पास्कूमास्तरांना जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. गच्चीवर आता स्लॅब टाकायचा होता. पत्रे उतरवायला दुसऱ्या कुणाला बोलवावंसं त्याला वाटेना. भिकादादाने धंदा सोडलेला, मुलगा बँकेत, पण निरोप ऐकून तो चप्पल घालूनच उभा राहिला. रोजाही माझगावहून आली होती, केस पिकलेले, आवाज तोच.

बोल्ट गंजले होते. तेल घालघालून काढले. तो लांब पत्रा दोघांनी उचलून बाजूला ठेवला. खालच्या पत्र्याचा झाकलेला भाग कालच आणल्यासारखा चमकत होता. मध्ये ते भोक, आता तांबूस कडेचं. आणि कापलेल्या काठाशी, माथ्यामाथ्यावर, पन्हळीपन्हळीत, निळी पुसट ओळ.

"बघ," भिकादादा म्हणाला, "तुझी नीळ अजून हाय."

"माझी कसली? तुझी."

"मी नीळ कवा वापरली? माझा गेरू. जन्मभर."

"आणि माझा कोळसा. तुला ठाऊक नाही?"

त्याने वाकून ओळ परत बघितली. "म्हंजे रेघ तू न्हाई मोडलीस?"

"मी? मला वाटलं, तू."

"आरं, वीस वर्षं मी चाळीत सांगतोय, बाबल्यानं त्या पोरापायी आपला हट सोडला. म्हून तर तुझं भांडण मी पोटात घातलं!"

"आणि मी तुझं!"

लोरूने चष्मा लावला. ओळीवरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं. तसाच खाली गेला आणि मास्तरांच्या मशीनच्या खणातून टेप आणि एक चपटा, झिजलेला, निळा खडू घेऊन आला. शिंपी कापडावर खुणा करतात तो. त्याने जुन्या ओळीशेजारी एक रेघ ओढली. रंगात तिळाएवढा फरक नव्हता.

भिकादादाला पहिला प्रश्न सुचला तो धंद्याचाच. "पर पन्हळीत कशी उतरली?"

रोजाने लोरूच्या हातातून टेप घेतली. बापाची तीच कापडी टेप, आकडे उडालेली. तिने ती पत्र्यावर आडवी टाकली आणि बोटांनी हलके दाबत नेली. टेप प्रत्येक माथ्यावर चढली, प्रत्येक पन्हळीत जाऊन बसली. "झालरीला लावतात तशी," ती म्हणाली. "नी डाग आला का कापड टाकून नाय द्यायचं. डाग शिवनीत घ्यायचा. पप्पा मना हेच शिकवायचे."

लोरू पत्र्याजवळ खाली बसला. "मना वाटलेलं, मी त्यांना फसवलं," तो म्हणाला. "मरेपर्यंत मना त्यांच्याकडं नीट बघवलं नाय."

"लोरू," रोजा म्हणाली, "तुझ्या कोटाच्या बाह्या. त्या दिशी सकाळी लावल्या त्यांनी. तारे बघायच्या आदी."

मग लोरूने भोकाभोवतीचा चौकोन दाखवला. "एवडा कापून द्या मना."

ओळ त्याने स्वतः मारली, टेप टाकून, बापाच्या खडूने. ओळ पन्हळीत बरोबर उतरली. मी कात्रीला तेल लावलं. भिकादादा सवयीने पत्र्यावर पाय देऊन उभा राहिला. आमची बोटं आता आखडतात. चौकोन सुटायला फार वेळ लागला, मध्ये दोनदा थांबावं लागलं. छिन्नी माझ्या पिशवीतच होती, आणि कर्फ्यू उठून वीस वर्षं झाली होती. तरी ती कुणी मागितली नाही.